अक्षरांचा विग्रह : घटकांतून चिनी लिपी शिकण्याचा इतिहास

चिनी लिपी शिकू पाहणाऱ्याला आज जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच सांगितले जाते की, या लिपीतील हजारो अक्षरे म्हणजे हजारो सुट्या आकृत्या नसून काही शे घटकांच्या निरनिराळ्या जुळण्या आहेत, आणि हे घटक व त्यांच्या जुळणीची रीत एकदा समजली की पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो. हे विधान बरोबर आहे. परंतु आज ते जितके स्वयंसिद्ध वाटते तितके चिनी शिक्षणपरंपरेत ते दीर्घकाळ नव्हते. चिनी लेखनाचा सर्वांत जुना भरघोस पुरावा इ.स.पू. तेराव्या शतकातला आहे, अक्षरांची घटकांनुसार फोड करून त्यांची मांडणी करणारा पहिला मोठा ग्रंथ इ.स. १०० मध्ये पूर्ण झाला, आणि त्या फोडीचा उपयोग लहान मुलांच्या अक्षरओळखीसाठी कसा करावा याचे नेटके विवेचन एकोणिसाव्या शतकात झाले. पंडितांच्या हातचे साधन मुलांपर्यंत यायला अशी सतरा शतके लागली, आणि एवढ्या काळात घटकांच्या नावाखाली खरी व्युत्पत्ती, सोयीची गोष्ट, राजकीय भाकीत आणि कोशातील वर्गवारी अशा चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या की त्या निवडून वेगळ्या केल्याशिवाय या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा ध्यानात येत नाही.

मुळात हे घटक कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. आन्यांग परिसरात सापडलेल्या, शांग राजवंशाच्या उत्तरकाळातील हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर देवतांना व पूर्वजांना विचारलेले प्रश्न कोरलेले आहेत. १८९९ मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याने ते लेखन म्हणून ओळखले. या लेखांत वस्तूंची चित्रे आहेत हे खरे. पण लेखनाचा गाडा पुढे गेला तो चित्रांमुळे नव्हे, तर चित्रांच्या उसनवारीमुळे. धान्य पाखडण्याच्या सुपाचे चित्र होते, त्याच्या उच्चाराशी जुळणारा एक व्याकरणिक शब्द लिहायचा होता आणि त्याचे चित्र काढणे अशक्य होते, म्हणून सुपाचेच चिन्ह त्या शब्दासाठी वापरले गेले. पुढे उसना अर्थ इतका रुळला की खऱ्या सुपासाठी नवे चिन्ह लागले, तेव्हा जुन्या चिन्हाच्या डोक्यावर बांबूची खूण चढवण्यात आली. गव्हाच्या रोपाचे चित्र ‘येणे’ या क्रियापदाने घेतले, तेही असेच उच्चाराच्या साम्यामुळे. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन माणसांचे चित्र ‘उत्तर दिशा’ या अर्थी गेले, आणि शरीरातील ‘पाठ’ लिहिण्यासाठी त्याच्याखाली मांसाची खूण जोडावी लागली. गोंधळ टाळण्यासाठी केलेल्या अशा शेकडो जोडण्यांतून ज्या अक्षराचा एक भाग उच्चार सुचवतो आणि दुसरा अर्थाचे क्षेत्र सांगतो असे संयुक्त अक्षर रूढ झाले. पहिल्या भागाला ध्वनिघटक आणि दुसऱ्याला अर्थघटक म्हणता येईल. वर उल्लेखिलेल्या इ.स. १०० मधील ग्रंथात, म्हणजे शू शेन या विद्वानाच्या कोशात, ऐंशी टक्क्यांहून अधिक अक्षरे याच जातीची आहेत, आणि ही एकच गोष्ट पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

प्राचीन चीनमध्ये लेखनिक घडवले जात ते मात्र फोड शिकवून नव्हे, तर घोकून घेऊन. हूपेइ प्रांतातील झांगजियाशान येथील थडग्यात सापडलेल्या, इ.स.पू. १८६ च्या सुमाराच्या बांबूपट्ट्यांवरील कायद्यात लेखनिकांच्या मुलांनी सतराव्या वर्षी शिक्षण सुरू करावे, तीन वर्षे शिकावे, आणि पाच हजारांहून अधिक अक्षरे म्हणून व लिहून दाखवल्यावरच लेखनिक व्हावे, अशी तरतूद आढळते. छिन साम्राज्याने इ.स.पू. २२१ मध्ये देश एकछत्री केल्यानंतर महामंत्री ली स, झाओ गाओ आणि हूमू जिंग यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या तीन बालपुस्तिका तयार झाल्या. हान काळातील ग्रामशिक्षकांनी त्या एकत्र करून साठ अक्षरांचा एक असे पंचावन्न पाठ, म्हणजे एकूण ३,३०० अक्षरे, अशी त्यांची विभागणी केली. या पुस्तिका यमकबद्ध होत्या. इ.स.पू. पहिल्या शतकातील शी यौ याच्या पुस्तिकेत वस्तूंचे वर्ग पाडल्यामुळे धातूची भांडी, झाडे, कापड यांची नावे शेजारी शेजारी आली, आणि एकाच अर्थघटकाची अक्षरे आपोआप एका ओळीत बसली. परंतु घटकाकडे बोट दाखवून काही सांगण्याचा उद्देश तिथे नव्हता. सहाव्या शतकात ल्यांग राजवंशाच्या सम्राट वू याच्या आज्ञेवरून झोउ शिंगसी याने एकाही अक्षराची पुनरुक्ती न करता एक हजार अक्षरांची जी चतुरक्षरी पद्यरचना केली, ती ‘सहस्राक्षरी’ आणि तिच्या जोडीला सोंग काळापासून आलेली ‘त्र्यक्षरी’ व ‘शतकुलनामावली’ या तीन पुस्तिका विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चिनी मुलांच्या तोंडी होत्या. मूल आधी म्हणायला शिके, मग ओळखायला, आणि अर्थ कित्येकदा पुष्कळ वर्षांनी कळे. या पद्धतीला नुसते नावे ठेवून चालणार नाही. पाठांतराच्या बळावर तिने दोन हजार वर्षे साक्षर माणसे घडवली.

घटकांचा विचार जन्माला आला तो अध्यापनातून नव्हे, तर वादातून. छिनच्या आधीच्या जुन्या वळणाच्या लिपीत लिहिलेले काही ग्रंथ हान काळात पुढे आले, आणि त्यांना प्रमाण मानायचे की तत्कालीन लिपीतील पाठ स्वीकारायचे यावर पंडितांत दोन तट पडले. तत्कालीन लिपी ही कारकुनी वळणाची होती. झपाट्याने लिहिण्यासाठी तिने जुन्या गोलसर रेषा सरळ केल्या, आणि त्या धांदलीत कित्येक भिन्न घटक एकसारखे दिसू लागले. घोड्याचे पाय व शेपटी, माशाची शेपटी आणि अग्नीच्या ज्वाळा या तिन्हींचे अक्षराच्या तळाशी चार ठिपके झाले; मांस आणि चंद्र यांची एकच आकृती बनली. अशा रूपांवरून अर्थ काढणारे लोक ‘ज्येष्ठ’ हे अक्षर म्हणजे घोड्याच्या डोक्याचा माणूस, आणि धान्याचे माप दाखवणारे अक्षर म्हणजे ‘दहा’ हा अंक हाती धरलेला माणूस, अशी स्पष्टीकरणे देत, आणि कायद्यातील शब्दांचा अर्थही अशाच फोडीने लावण्याचे प्रकार घडत. रूनान प्रदेशातील शू शेनला हे असह्य झाले. ‘शुओवेन जिएझ’ हा त्याचा ग्रंथ इ.स. १०० मध्ये पूर्ण झाला आणि १२१ मध्ये त्याचा मुलगा शू छोंग याने तो सम्राट आन याला सादर केला. त्यात ९,३५३ अक्षरे आणि शिवाय १,१६३ पर्यायी रूपे आहेत, आणि ही सर्व सामग्री ५४० शीर्षघटकांखाली लावलेली आहे. शीर्षघटक म्हणजे ज्या घटकाच्या नावाखाली त्याच्यापासून बनलेली अक्षरे एकत्र ठेवली जातात तो घटक. ‘एक’ या अक्षरापासून निघून कालगणनेच्या बारा चिन्हांपैकी शेवटच्या चिन्हापाशी संपणारी ही रचना केवळ शोधण्याच्या सोयीची नव्हती. विश्वातील वस्तुमात्राची व्यवस्था अक्षरांच्या व्यवस्थेत उमटली आहे, अशी तिच्यामागची श्रद्धा होती.

शू शेनने परंपरेने चालत आलेल्या सहा अक्षरप्रकारांची व्याख्या उदाहरणांसह दिली. सूर्य आणि चंद्र यांच्यासारखी वस्तूची आकृती दाखवणारी अक्षरे, ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्यासारखी खुणेने दर्शवणारी, दोन अर्थ एकत्र आणून तिसरा सुचवणारी, आणि नद्यांच्या नावांप्रमाणे पाण्याची खूण व उच्चाराचा भाग मिळून झालेली, हे पहिले चार प्रकार रचनेचे आहेत. उरलेले दोन अक्षरांच्या वापराशी, म्हणजे उसनवारीशी आणि परस्परांना स्पष्ट करणाऱ्या जोड्यांशी, संबंधित असून त्यांतील दुसऱ्याच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. साध्या, न फुटणाऱ्या अक्षरांना त्याने ‘वेन’ म्हटले आणि त्यांच्या संयोगातून वाढलेल्यांना ‘झ’. घटकांतून शिकण्याची आजची प्रत्येक पद्धत, तिला ठाऊक असो वा नसो, याच भेदावर उभी आहे.

तरीही शू शेन ज्या दोषावर तुटून पडला त्यातून तो स्वतः सुटला नाही. ‘युद्धविषयक’ या अर्थाच्या ‘वू’ या अक्षरात एक शस्त्र आहे आणि ‘थांबणे’ या अर्थी वापरली जाणारी खूण आहे; म्हणून शस्त्र थांबवणे हेच खरे शौर्य, हा एका जुन्या इतिहासग्रंथातला उदात्त अर्थ त्याने अक्षराची व्युत्पत्ती म्हणून स्वीकारला. प्रत्यक्षात ती खूण मुळात पावलाची आहे, आणि प्राचीन रूप शस्त्र घेऊन चालून जाण्याचे आहे. म्हणजे लेखनाचा पुरावा सुभाषिताच्या बरोबर उलट बाजूला उभा राहतो. ‘करणे’ या अर्थाच्या ‘वेइ’ या अक्षराला त्याने माकडाचे चित्र मानले, परंतु हाडांवरील लेखांत तिथे हत्तीला हाताने नेणारा माणूस स्पष्ट दिसतो. हे पुरावे शू शेनपासून हजारबाराशे वर्षे जुने होते आणि त्याच्या काळी जमिनीखाली गाडलेले होते, हे लक्षात घेतले तर त्याच्याकडे दोष जात नाही. भारतीय वाचकाला इथे यास्काच्या निरुक्ताची आठवण होईल: दोन्ही ग्रंथांत फोडीची शिस्त खरी आणि मोलाची आहे, आणि दोन्हींत ती फोड कधी कधी श्रद्धेच्या ओढीने भरकटते.

पंडितांच्या ग्रंथांबाहेर अक्षर फोडण्याची लोकांची हौस याहून जुनी आणि कितीतरी जोमदार होती. हान राजघराण्याचे ‘ल्यू’ हे आडनाव लिहिताना त्यात धातू आणि सुरी या खुणा येत, म्हणून राज्य बळकावलेल्या वांग मांगने इ.स. ९ मध्ये सुरीच्या आकाराची नाणी बाद केली. एखाद्या अक्षरातील घटकाने चलन बदलावे, याहून या समजुतीच्या ताकदीचा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस राजधानीवर जुलूम गाजवणाऱ्या दोंग झुओच्या नावातील अक्षरे फोडून त्याच्या अंताचे भाकीत करणारे गाणे मुलांच्या तोंडी होते, अशी नोंद इतिहासग्रंथात आहे. अक्षर फोडून भविष्य सांगणारे रस्त्याकडेला बसत, आणि कोडी घालण्याचा तर तो आवडता मार्ग होता. आजही चिनी माणूस आपले आडनाव सांगताना ‘झाड आणि मूल यांचा ली’ किंवा ‘धनुष्य आणि लांब यांचा झांग’ असा खुलासा सहज करतो, कारण सारख्या उच्चाराची आडनावे त्याशिवाय ऐकणाऱ्याला वेगळी कळत नाहीत. लिहिता-वाचता येणाऱ्या साध्या माणसाला घटक असे ठाऊक होते, पण ते अक्षर येऊ लागल्यानंतर. अक्षर शिकण्याच्या वाटेवर ते त्याला कोणी हाती दिले नव्हते.

नवे शब्द लिहिण्याची वेळ आली की हीच यंत्रणा कामाला येई, आणि तिचा एक धागा थेट भारताशी जुळतो. बौद्ध ग्रंथांचे भाषांतर सुरू झाल्यावर संस्कृत-प्राकृत शब्द चिनी लिपीत उतरवावे लागले, तेव्हा ‘संघ’ या शब्दापासून भिक्षूसाठी माणसाची खूण आणि ‘झंग’ हा ध्वनिघटक घेऊन ‘संग’ असे अक्षर बनले, स्तूपासाठी मातीची खूण आणि ‘दा’ हा ध्वनिघटक घेऊन ‘ता’, तर ‘मार’ या मोह पाडणाऱ्या शक्तीसाठी भुताची खूण आणि ‘मा’ हा ध्वनिघटक यांचा संयोग झाला. ही अक्षरे शू शेनच्या मूळ ग्रंथात नव्हती, इ.स. ९८६ च्या संपादनात शू श्वेन याने ती पुरवणीत घातली. पालीच्या अभ्यासासाठी चिनी अक्षरांकडे वळलेल्या पुण्याच्या पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह ‘समन्तपासादिका’ या विनयटीकेच्या चिनी रूपाचे केलेले इंग्रजी भाषांतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. अशा ग्रंथांच्या पानोपानी या भारतीय मुळाच्या अक्षरांची गाठ पडते.

कोशकारांनी पुढे शू शेनची तत्त्वदृष्टी मागे ठेवली आणि शीर्षघटकांना शोधण्याचे साधन बनवले. उत्तरेतील ल्याओ राज्यात शिंगजुन नावाच्या भिक्षूने ९९७ मध्ये धर्मग्रंथ वाचणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात शीर्षघटकांची संख्या २४२ वर आणली; १६१५ मध्ये मेइ यिंगझुओने ती २१४ केली आणि अक्षरे रेषांच्या संख्येनुसार लावली. सम्राट कांगशीच्या आज्ञेने १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या, ४७,०३५ अक्षरांच्या कोशाने हाच आकडा उचलला आणि त्याला अधिकृततेचा शिक्का मिळाला. परदेशी विद्यार्थ्यांत आजही पसरलेला एक गैरसमज इथूनच निघतो: २१४ शीर्षघटक पाठ केले की लिपीचे सर्व सुटे भाग हाती आले, असे त्यांना वाटते. ते भाग नव्हेत, कोशाचे कप्पे आहेत. त्यांतील काही शीर्षांखाली मोजकीच अक्षरे पडतात, आणि अक्षराचा जो भाग उच्चार सांगतो तो पुष्कळदा या यादीत मुळी नसतोच.

उच्चाराच्या भागाला त्याचा मान मिळवून दिला तो छिंग काळातील भाषाशास्त्रज्ञांनी. प्राचीन काव्यातील यमके तपासताना दुआन यूत्साय याच्या लक्षात आले की, ज्या अक्षरांत एकच ध्वनिघटक आहे ती सर्व प्राचीन काळी एकाच यमकवर्गात बसत होती, मग आज त्यांचे उच्चार कितीही दुरावलेले असोत. शू शेनच्या ग्रंथावरील त्याचे भाष्य १८१५ मध्ये छापले गेले. त्याच्या मागोमाग झू जुनशेंग याने शू शेनची ५४० शीर्षांची व्यवस्था मोडून सर्व अक्षरे १,१३७ ध्वनिघटकांखाली पुन्हा लावली. चिनी लिपीच्या अभ्यासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण मानले पाहिजे, कारण यामुळे अक्षरांची कुळे प्रथमच आवाजानुसार डोळ्यांसमोर आली. यांग्त्से नदीच्या ‘ज्यांग’ या नावातील ध्वनिघटक स्वतंत्रपणे ‘गोंग’ असा उच्चारला जातो. आज कानाला हे दोन दूरचे वाटतात, पण त्यांचे जुने नाते ध्वनिघटकाने जपून ठेवले आहे.

हे सारे ज्ञान मुलांच्या हाती देण्याचे श्रेय शान्दोंग प्रांतातील वांग युन (१७८४–१८५४) याला जाते. शू शेनच्या ग्रंथाच्या छिंगकालीन चार थोर अभ्यासकांत त्याची गणना होते. पण त्या चौघांत शाळकरी मुलाचा विचार इतक्या आस्थेने दुसऱ्या कोणी केला नाही. त्याच्या एका मित्राने आपल्या घरच्या मुलांसाठी काही तयार करण्याची विनंती करताना असे म्हणणे मांडले की, लोकांना अक्षरे येत नाहीत कारण त्यांना ती वेगळी करता येत नाहीत. एका अक्षराचे अनेक भाग दिसू लागले की त्यातला ठिपका वाढवता किंवा कमी करता येत नाही, आणि अक्षर लक्षात राहते. मुलाला आधी आकृतीची आणि खुणेची अक्षरे कळली की अर्थसंयोगाची अक्षरे त्या दोहोंपासून आणि ध्वनीची अक्षरे त्या तिन्हींपासून बनलेली दिसतील, म्हणजे थोडक्याच्या आधारे पुष्कळावर ताबा येईल, हा त्याचा युक्तिवाद होता. त्यातून १८३८ च्या सुमारास ‘वेनझ मेंगछ्यू’ ही दोन हजारांच्या आसपास अक्षरांची पुस्तिका तयार झाली.

मुलांना शिकवण्याच्या पद्धतीवर वांग युनने एक लहानसे टिपण वेगळे लिहिले आहे, आणि शिक्षणाच्या इतिहासात त्याची योग्यता फार मोठी आहे. मुलाला घाईने ग्रंथ वाचायला लावू नये. आधी अक्षरे शिकवावीत, आणि त्यातही आधी न फुटणारी अक्षरे. ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ शिकवताना आकाशातले सूर्यचंद्र दाखवावेत, ‘वर’ आणि ‘खाली’ शिकवताना समोरच्या वस्तूंचा आधार घ्यावा, आणि अशी साधी अक्षरे पक्की झाल्यावरच संयुक्त अक्षरांकडे जावे. अक्षरे चौकोनी कागदावर लिहावीत, एका बाजूला प्रचलित वळण आणि पाठीमागे प्राचीन मुद्रालिपीचे रूप, म्हणजे झिजलेला घटक मूळ रूपात पाहता येईल. सुमारे दोन हजार अक्षरे आली की मग वाचन सुरू करावे. घोकंपट्टी आणि छडी यांवर चालणाऱ्या शाळांच्या काळात मुलाला समजून घेऊ द्या असे सांगणारा हा आवाज त्या वेळी फारसा ऐकला गेला नाही, याचे वाईट वाटते. त्याच्या पुस्तिकेची मर्यादाही सांगायला हवी: तिचा सारा आधार शू शेनवर असल्याने त्याच्या चुका तिच्यात उतरल्या, आणि आकृती व अर्थसंयोग यांच्या तुलनेत ध्वनिघटकाच्या अक्षरांना तिच्यात फारच थोडी जागा मिळाली.

युरोपीय लोक या लिपीकडे आले ते दुसऱ्याच दिशेने. जेझुइट पाद्री मात्तेओ रिची याने १५९६ मध्ये नानचांग येथे ज्यांगशीचे प्रांताधिपती लू वानगाय यांच्यासाठी स्मरणकलेवर चिनी भाषेत पुस्तिका लिहिली, तेव्हा त्याने अक्षरे फोडून त्यांची दृश्ये केली: ‘वू’ या अक्षरातून एकमेकांशी भिडलेले दोन योद्धे, ‘चांगले’ या अक्षरातून मूल कडेवर घेतलेली दासी, ‘लाभ’ या अक्षरातून विळ्याने पीक कापणारा शेतकरी. ही दृश्ये व्युत्पत्ती असल्याचा दावा रिचीने केला नाही. ती स्मरणाची खुंटी म्हणूनच वापरली, आणि हा प्रामाणिकपणा त्याच्या पुष्कळ वारसदारांत आढळत नाही. प्रांताधिपतींच्या थोरल्या मुलाने मात्र ही पद्धत वापरायलाच उत्तम स्मरणशक्ती लागते असा अभिप्राय दिला, असे रिचीनेच नोंदवले आहे. शंभर वर्षांच्या आत बर्लिनच्या आंद्रेआस म्युलरने चिनी लिपीची ‘किल्ली’ सापडल्याची घोषणा केली, लायब्निझने त्याला उत्सुकतेने प्रश्न पाठवले, पण ती किल्ली म्युलरने कोणाला दाखवलीच नाही.

गंभीर काम झाले ते बंगालमधील हुगळीकाठच्या श्रीरामपुरात. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी ठशांतील मराठी कोश (१८१०) ज्या मिशनच्या छापखान्यात तयार झाले, तिथेच जोशुआ मार्शमनने मकावहून आलेल्या योहानेस लासार या आर्मेनियन गृहस्थाकडून चिनी शिकून १८०९ मध्ये चिनी अक्षरे व ध्वनी यांवर प्रबंध आणि १८१४ मध्ये व्याकरण छापले. कांगशी कोशाच्या शीर्षघटकांपलीकडे अक्षरांची आणखी एक पातळी आहे आणि तिच्यातील एकेका अक्षराला वेगवेगळे घटक जोडून कुळे तयार होतात, हे त्याने विस्ताराने मांडले. १८३८ मध्ये फिलाडेल्फियात द्यू पोंसो याने चिनी अक्षरे कल्पना नव्हे तर भाषेतील शब्द लिहितात असे ठामपणे सांगितले, आणि १८४१ मध्ये मकावमध्ये काल्लेरीने १,०४० ध्वनिघटकांची यादी देणारा कोश प्रसिद्ध केला. तरी पाश्चात्त्य वाचकांचे मन चित्रांकडेच ओढले गेले, आणि त्याला व्हीजे या फ्रेंच जेझुइटाच्या, शू शेनच्या व्युत्पत्ती जशाच्या तशा स्वीकारणाऱ्या लोकप्रिय पाठ्यपुस्तकाने विसाव्या शतकात खतपाणी घातले. अक्षरात दडलेल्या चित्राची गोष्ट ऐकायला गोड असते; ध्वनिघटकाची तशी गोष्ट होत नाही, आणि म्हणूनच जो घटक सर्वांत अधिक कामाचा तो सर्वांत कमी शिकवला गेला.

चिनी शाळांत ध्वनिघटकाला जागा मिळाली ती १९५८ मध्ये, ल्याओनिंग प्रांतातील हेइशान तालुक्याच्या बेइग्वान शाळेतील प्रयोगाने. तिथे पहिल्या दोन वर्षांत सुमारे २,५०० अक्षरे शिकवण्यासाठी एका मूळ अक्षराच्या आधारे त्याचे सगळे कूळ एकत्र शिकवले जाई. ‘छिंग’ म्हणजे हिरवा-निळा रंग हे अक्षर आधी घ्यायचे; त्याला पाणी जोडले की ‘नितळ’, सूर्य जोडला की ‘निरभ्र’, मन जोडले की ‘भावना’, बोलणे जोडले की ‘विनंती करणे’. या चारही अक्षरांचा उच्चार, स्वराघाताचा फरक सोडल्यास, ‘छिंग’च राहतो, डोळा जोडून ‘बुबुळ’ केले की मात्र तो ‘जिंग’ होतो, आणि मूल तेवढा अपवाद ध्यानात ठेवते. याच सुमारास नानजिंगच्या सी श्या या शिक्षिकेने उलट मार्ग धरला: अक्षर वाक्यातून आणि धड्यातून सुटे सुटे यावे, म्हणजे त्याचा अर्थ व वापर सोबत येतो. या दोन पद्धतींचा वाद चीनमध्ये कित्येक दशके चालला. एकाच कुळातील अक्षरे एकदम समोर आली की मुलांचा गोंधळ होतो, हा आक्षेप निराधार नाही. तरीही कुळे मुळीच न दाखवणे म्हणजे लिपीत असलेली व्यवस्था मुलापासून लपवणे होय.

लिपीच्या सुलभीकरणाने या व्यवस्थेला आधारही दिला आणि धक्काही. १९५६ च्या योजनेत घंटेच्या अक्षराला ‘झोंग’ हा सोपा आणि अचूक ध्वनिघटक मिळाला, ‘दचकणे’ या अक्षरात मनाची खूण आणि ‘जिंग’ हा ध्वनिघटक आला. परंतु ‘हान’, ‘पाहणे’, ‘कोंबडी’, ‘बरोबर’, ‘नाटक’ आणि ‘दंग’ हे आडनाव यांतील वेगवेगळ्या भागांच्या जागी ‘पुन्हा’ या अर्थाची एकच दोन रेषांची खूण बसवली गेली, जी या अक्षरांत अर्थही सांगत नाही आणि उच्चारही. लिहिणाऱ्याच्या रेषा वाचल्या, पण शिकणाऱ्याचा आधार गेला; हा सौदा सर्वच ठिकाणी फायद्याचा ठरला असे म्हणता येत नाही.

यंत्रांनी घटकांकडे पुन्हा लक्ष वेधले. लिन यूतांग यांनी १९४७ मध्ये दाखवलेला ७२ कळांचा टंकलेखक, चू बोंगफू यांची १९७६ ची चोवीस मूळ आकृत्यांवर आधारलेली ‘त्सांगजिए’ पद्धत आणि वांग योंगमिन यांची १९८३ ची ‘वूबी’ पद्धत यांनी अक्षर फोडून कळांवर बसवले. मात्र इथली फोड आकाराची आहे, व्युत्पत्तीची नाही. संगणकासाठी घटक निश्चित करणे भाग पडल्यावर १९९७ च्या चिनी मानकाने २०,९०२ अक्षरांचे पृथक्करण करून ५६० मूळ घटक ठरवले. शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे मानक २००९ चे आहे: त्यात नेहमीच्या वापरातील ३,५०० अक्षरांचे ५१४ घटक ४४१ गटांत लावले असून प्रत्येक घटकाला नाव दिले आहे, आणि ‘तीन थेंबांचे पाणी’, ‘गवताचे डोके’ अशी जी नावे शिक्षक आणि मुले पिढ्यान्‌पिढ्या तोंडी वापरत आले त्यांच्या धर्तीवरच ही नावे ठरवलेली आहेत.